धामणपाड्याचं अक्षर

कशेळ्याहून मुरबाडच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की डाव्या हाताला बैलगाडीची एक वाट फुटते, ती धामणपाड्याला जाते. या गावात एके काळी पासष्ट-सत्तर घरं होती, दोन विहिरी होत्या आणि अक्षर मात्र सगळ्या गावात मिळून एकच होतं. थट्टा नाही. सोसायटीच्या फळ्यावरची सूचना घ्या, देवळाच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेली सप्ताहाची तिथी घ्या, नाहीतर नव्या सुनेनं माहेरी धाडलेलं कार्ड घ्या. तोच ताठ काना, तोच भरलेला ब, तीच ‘ळ’ची दोन गोल पोटं. कशेळ्याच्या पोस्टात टपाल वेगळं करणारा पांडू तर पत्त्याच्या अक्षरावरूनच म्हणायचा, "ह्ये धामणपाड्याचं."

या अक्षराच्या धनीण म्हणजे द्वारकाबाई टिपणीस. माहेर कर्जतच्या बाजारपेठेमागचं, दिघ्यांचं. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा विषमज्वरानं गेला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांनी भावाच्या घरी पोळ्या लाटत उरलेलं आयुष्य काढायचं होतं. बाईंनी पोळ्या लाटल्या, नाही असं नाही, पण सहा महिनेच. मग ट्रेनिंगला गेल्या आणि १९५५ च्या जूनमध्ये धामणपाड्याच्या एकशिक्षकी शाळेवर रुजू झाल्या. वय चोवीस. गावातल्या बायांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, एकट्याच ऱ्हानार तुमी?" बाई म्हणाल्या, "एकटी कुठली? चाळीस पोरं आहेत की." आणि एकोणीस वर्षं राहिल्या.

बाई तशा मवाळ. उशिरा आलेल्या पोराला रागावणार नाहीत, पाढे चुकले तरी हसून सोडतील. पण अक्षर बिघडलं की त्यांचं डोकं फिरायचं. "हे काय लिहिलंस? कोंबडी चालून गेली का पाटीवरून?" हे वाक्य गावातल्या दोन पिढ्यांनी ऐकलेलं आहे. दर शनिवारी त्या स्वतः बोरू तासून प्रत्येक मुलाच्या वहीत वरची ओळ घालून द्यायच्या. पोरांनी आठवडाभर ती गिरवायची. छापील कित्ते सरकारकडून यायचे, ते बाईंनी खिडकीच्या फटी बुजवायला वापरले.

अडचण सुट्टीची होती. मे महिन्यात पोरं करवंदं-जांभळांमागे रानात जायची आणि जूनमध्ये परत यायची ती हात पार गंजवून. वर्षभराची मेहनत पाण्यात. पहिल्या वर्षी बाई चिडल्या, दुसऱ्या वर्षी रडकुंडीला आल्या, तिसऱ्या वर्षी त्यांनी तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाच्या हातात पोस्टकार्डं ठेवली. दिवाळीला दोन, मे महिन्यात चार. एक बाईंना लिहायचं, बाकीची नातलगांना. अक्षर मोठं, समास सोडून, ओळ ढळू न देता.

आयाबायांना कोडं पडलं. "बाई, आमी लिवायचं कोनाला? आमचं समदं मानूस तं हितंच हाय!" मग बाईंनी प्रत्येक घरी बसून दूरची नाती उकरून काढली. कुणाची आत्या खोपोलीला, कुणाचा मामा माथेरानला घोडेवाला. पोशा नावाच्या मुलाची आजी पळसदरीला होती, तिचं नाव पक्कं झालं.

आता, बाई शहाण्या खऱ्या, पण बाजारपेठेतल्या. एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्या काळी या भागातल्या घरात कार्ड यायचं ते एकाच कारणानं, कुणीतरी गेल्याचं. पोशाचं कार्ड पळसदरीला पोचलं तेव्हा वाचून दाखवणारा घरात नव्हताच. आजीनं कार्ड हातात घेतलं मात्र, आणि हंबरडा फोडला. शेजारणी जमल्या, चूल विझवली, आणि आठ माणसं भर उन्हात रडत धामणपाड्याला निघाली. गावात शिरतात तर पोशा विट्या कोलतोय! आजीनं त्याला आधी पोटाशी धरलं आणि मग असा बदडला की विचारू नका. त्या घरी त्या दिवशी आठ पाहुण्यांचा स्वयंपाक झाला, आणि पुढच्या सुट्टीपासून बाईंच्या हुकमानं प्रत्येक पत्राची पहिली ओळ ठरून गेली: ‘आम्ही सर्व सुखरूप आहोत.’

मग काय, पोरं ती ओळ इमानेइतबारे लिहायची. एका मुलीनं लिहिलं, ‘आम्ही सर्व सुखरूप आहोत. परवा आजोबा वारले. कळावे.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘आम्ही सर्व सुखरूप आहोत. म्हैस व्याली. रेडा झाला म्हणून आई रडली. आपली कृपा असावी.’

ही कार्डं बाईंना कर्जतला मिळायची. सुट्टीत त्या भावाकडे, गोपाळकृष्णाकडे राहायच्या. दुपारची जेवणं झाली, घर आडवं झालं, की बाई माजघरात पाटावर दौत घेऊन बसायच्या. एकेक कार्ड आधी हातभर लांब धरून बघायच्या, मग जवळ घेऊन, आणि वाचायच्या सगळ्यात शेवटी. प्रत्येकाला उत्तर जायचं. ‘चि. शुक्रा यास आशीर्वाद. म्हशीची बातमी कळली. तुझ्या क चे शेपूट वाकडे आहे. खालची ओळ पाच वेळा लिहून धाड.’ वहिनी म्हणायची, "वन्सं, सुट्टी पोरांना आहे की तुम्हाला शिक्षा?" बाई ऐकायच्या नाहीत. त्या माजघरातल्या थंड फरशीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या वासात, बाई जितक्या सुखी असत तितक्या दुसऱ्या कुठेच नसत. ते दिवस आठवले की वाटतं, एखाद्या माणसाला सुखी व्हायला किती कमी लागायचं.

गावाबाहेरच्या माणसाला सगळी कार्डं एकाच हातची वाटायची. बाईंना मात्र पत्ता न बघता कळायचं कोण लिहितंय ते. शुक्रा दौतीत टाक जास्त बुडवायचा. पोशाचा हात ओळीच्या शेवटी थकायचा. आणि चिमा नावाची एक मुलगी होती, ती शब्दावरची रेघ एका दमात ओढायची आणि शेवटच्या अक्षराच्या किंचित पुढं न्यायची, छपराचं पाखं भिंतीपुढं येतं तशी. बाईंनी ती खोड मोडायचा खूप प्रयत्न केला. मग एका सुट्टीत त्यांना ती आवडायला लागली, आणि त्यांनी सांगणं सोडलं.

इथपर्यंत सगळं गोड झालं. आता जे सांगायचं ते तेवढं गोड नाही.

शाळेला दोन खोल्या होत्या. एकीत पहिली-दुसरी बसायची. दुसरी खोली तिसरी-चौथीची. पण १९६३ च्या पावसात गावचे सरपंच कमळाकर पाटील यांच्या घराचा माळा खचला आणि त्यांनी बाईंकडे शब्द टाकला, "बाई, म्हयनाभर भात ठिवतो शाळंत." शाळेची जागा पाटलांच्याच वडिलांनी दिलेली. बाई हो म्हणाल्या. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, त्यातली गत झाली. महिन्याचं वर्ष झालं, खोलीला पाटलांचं कुलूप लागलं, आत कणग्या उभ्या राहिल्या, आणि तिसरी-चौथीची मुलं पडवीत बसायला लागली. पावसाळ्यात झड आत यायची. बाई मुलांना भिंतीकडे सरकवायच्या. सरकता सरकता अकरा वर्षं झाली. पाण्यात राहून माशाशी वैर नको, असं बाईंनी स्वतःला समजावलं होतं, आणि माणूस स्वतःला जे रोज समजावतो ते त्याला पटतंच.

१९७४ च्या जूनमध्ये शाळा उघडून आठवडा झाला नसेल, तोच तालुक्याहून साहेब जीपमधून आले. बरोबर कमळाकर पाटील. साहेबांनी टेबलावर एक पोस्टकार्ड ठेवलं. पत्ता होता, ‘मोठे साहेब, शिक्षण खाते’. एवढ्याच पत्त्यावर ते पोचलं ही पोस्टखात्याची कमाल. मजकूर असा:

‘मोठे साहेब यांस सा. न. वि. वि. आम्ही सर्व सुखरूप आहोत. पत्रास कारण की, धामणपाडा येथील शाळेस दोन खोल्या आहेत. एकीत भात असते. मुले पडवीत बसतात. पावसात पाट्या भिजतात व अक्षर पुसते. भात कोरडे राहते. तरी खोली मोकळी करून द्यावी. कमी-अधिक लिहिले असल्यास क्षमा असावी.’

खाली नाव नव्हतं. कार्ड तळाच्या काठापर्यंत भरलेलं होतं.

बाईंना पहिल्यांदा काय वाटलं म्हणाल, तर अभिमान. दोन्ही बाजूंनी नेमका समास, एक ओळ ढळलेली नाही. ‘शाब्बास’ हा शब्द ओठावर आला होता. मग त्यांना प्रत्येक शब्दावरची, किंचित पुढं आलेली रेघ दिसली आणि तो शब्द ओठावरच राहिला.

"अक्षर कोणाचं आहे, बाई?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी कार्ड टेबलावर पालथं घातलं.

"तुमचंच आहे. तुमची हजेरीपत्रकं मी दर महिन्याला बघतो. आणि ‘भात कोरडे राहते’! असा टोमणा मारायला मुरलेला माणूस लागतो."

पाटील म्हणाले, "बाई, एकोनीस वर्सं आमी तुमाला घरच्यावानी ठिवलं. तोंडावर सांगायचं व्हतंत ना."

वरून ते कार्ड ‘चौकशी करावी’ असा शेरा घेऊन खाली आलं होतं. चौकशी भाताची करायची की कार्डाची, हे शेऱ्यात नव्हतं, तेव्हा साहेबांनी सोपी बाजू धरली. आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, म्हणाले. तुम्ही लिहिलं नसेल तर कोणी लिहिलं ते नाव द्या. नाव नाही दिलंत तर बदली, आणि कुठं होईल ते मी सांगू शकत नाही.

रविवारी बाई कर्जतला गेल्या. गोपाळकृष्ण वकिलाकडे कारकून, कागद चांगला जाणणारा. सगळं ऐकून म्हणाला, "त्यात विचार कसला करतेस, ताई? त्या पोरीला साहेबांपुढं बसव, चार ओळी लिहायला लाव, सुटलीस."

"तिची आई सोनुबाई पाटलांच्या शेतावर राबते, गोपाळा. त्यांचं खोपट पाटलांच्या जागेत आहे. पोरीचं नाव कळलं तर ती मायलेकरं दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येतील."

"मग मी लिहिलं नाही आणि कोणी लिहिलं ठाऊक नाही, असं दे लिहून."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चष्मा पुसायला लागला. खोटं लिहायची सवय त्यांच्या हाताला नव्हती. पण एकोणीस वर्षांची शाळा हातची जाणार होती आणि त्या शाळेपलीकडं त्यांना दुसरा संसार नव्हता. परतीच्या एसटीत त्या डोळ्याला पदर लावून बसल्या.

धामणपाड्याला उतरल्या त्या शाळेकडं न जाता सरळ सोनुबाईच्या खोपटाकडं गेल्या. उन्हं कलली होती. सोनुबाई भाकऱ्या थापत होती, आणि चिमा दारात बसून धाकट्या भावाची पाटी घासत होती. चिमा नुकती चौथी पास होऊन कशेळ्याला पाचवीत जायला लागली होती. तिचा हा भाऊ यंदा तिसरीत, म्हणजे पडवीत.

"चिमे, साहेबांना कार्ड तू लिहिलंस?"

"व्हय बाई," चिमा आनंदानं म्हणाली. "पोचलं?"

सोनुबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली. "काय लिवलंस गं? कोनाला?" आणि ऐकल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "बाई, पाटलाला कळलं तं आमचं खोपाट ऱ्हायाचं नाय."

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून नाही." मग चिमाकडं वळल्या. "कुणी सांगितलं गं तुला लिहायला?"

"तुमीच! तुमी म्हनलात, तीन कार्डं नातलगाला लिवा. मला दोनच नातलग हायेत. तिसरं मंग ज्याला कायतरी सांगायचं हाय त्याला लिव, म्हनलात. मला दुसरं कायच सांगायचं नव्हतं."

"आणि नाव? नाव का नाही घातलंस खाली?"

"जागाच उरली नाय. बारीक लिवलं की तुमी वरडता."

बाईंना हसू आलं. चिमा त्यांच्याकडं बघत होती. तिच्या नजरेत काही खोच नव्हती, नऊ-दहा वर्षांच्या पोरीला जे कळत नाही ते ती विचारते, तसं तिनं विचारलं.

"बाई, तुमी का नाय लिवलंत? तुमचं तं अक्षर माझ्याहून चांगलं हाय."

सोनुबाई ओरडली, "गप गं! बाईंना असं बोलत्यात?" पण बाईंनी हात वर केला. अकरा वर्षं पोरांना भिंतीकडं सरकवणारा तोच हात. लाज वाटली, फार वाटली. एवढं सुंदर अक्षर गावभर वाटलं आणि स्वतःच्या हातानं जे एक कार्ड लिहायचं होतं तेच राहून गेलं, हे त्यांना त्या दारात कळलं.

मग त्यांनी पिशवीतून खुलाशाचा कोरा कागद काढला, टाक काढला, दौत काढली. "चिमे, काय लिहिलं होतंस ते आठवतं तुला?"

"समदं."

"सांग मला. एकेक ओळ. मी लिहून घेते."

आणि चिमा शुद्धलेखन घालावं तशी सांगत गेली. बाई मांडीवर पाटी, पाटीवर कागद घेऊन लिहीत गेल्या. ‘एकीत भात असते. मुले पडवीत बसतात.’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांची ओळ ढळत होती. चिमानं वाकून बघितलं. तिला ते रुचलं नसावं. पत्र संपल्यावर बाईंनी स्वतःच्या चार ओळी जोडल्या. ‘आधीचे कार्ड माझे नाही. ते कोणी लिहिले हे मला ठाऊक आहे व मी सांगणार नाही. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तो मी अकरा वर्षांपूर्वी लिहावयास हवा होता, तो आज लिहीत आहे.’ आणि खाली ठळक सही केली, द्वारका वामन टिपणीस, मुख्याध्यापिका.

गोपाळकृष्णाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण." कारकून असल्यामुळे त्याला पुढचंही दिसत होतं. निनावी कागद केराच्या टोपलीत जाऊ शकतो. सहीचा कागद फायलीत बसतो, आणि फायलीला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. तसंच झालं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाटलांना खोली रिकामी करायचा लेखी हुकूम आला, आणि त्याच टपालानं बाईंना बदलीचा. खालापूर तालुक्यात, मोहोपाड्याकडच्या एका शाळेत, ताबडतोब. कारण म्हणून ‘माहिती देण्यास नकार’ असं लिहिलं होतं.

कमळाकर पाटील चिडले, पण माणूस अगदीच वाईट नव्हता. दोन दिवस गडी लावून त्यांनी कणग्या हलवल्या, आणि जाताना किल्ली स्वतः बाईंच्या हातात दिली. "तुमी नाव सांगितलं असतंत तं तुमाला जावं लागलं नसतं," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "हो पाटील. पण मग किल्ली आली नसती."

मोहोपाड्याला कारखान्यांच्या वसाहतीतली पोरं होती. त्यांच्याजवळ पेनं होती, घरी पत्रं वाचणारे आईबाप होते. त्यांनाही बाईंनी सुट्टीत कार्डं लिहायला लावलं, आणि निवृत्त होईपर्यंत लावत राहिल्या. उत्तरंही पाठवली. नंतर कर्जतच्या त्याच माजघरात त्या म्हातारपणी बसायच्या तेव्हा शिकवलेल्या शाळा विचारल्या की मोहोपाडा आधी सांगायच्या आणि धामणपाडा मग, जरा थांबून.

धामणपाड्याचा शेवटचा दिवस मात्र त्यांना मिनिटामिनिटानं आठवायचा. नवे गुरुजी दुसऱ्या दिवशी यायचे होते. सकाळी बाईंनी मुलांकडून खोली सारवून घेतली, तरी भाताच्या तुसाचा वास जाईना. बाहेर धो धो पाऊस, पडवीतून पाणी वाहत होतं. तिसरी-चौथीची सव्वीस मुलं पहिल्यांदा आत बसली, आधी सवयीनं सगळी एका भिंतीला चिकटून. "पसरून बसा रे," बाईंना तीनदा सांगावं लागलं. मग त्यांनी फळ्यावर एक ओळ घातली, सव्वीस पाट्यांवर ती एकदम उतरली, आणि एकही पाटी भिजली नाही. चिमाच्या भावानं रेघ शब्दाच्या पुढं नेली होती. बाईंनी ती पुसली नाही.

त्या खोलीत बाईंना एवढा एकच दिवस शिकवायला मिळालं. तेवढा पुरला, असं त्या पुढे कुणी विचारलं की सांगायच्या. ते खोटं होतं. बाईंनी जन्मात सांगितलेलं तेवढं एकच.